कल्पित संघ आणि खेळाडूंचे करार

खेळाडूवर मालकी कोणाची, हा प्रश्न अमेरिकन बेसबॉलच्या इतिहासात फार जुना आहे. 1879 साली नॅशनल लीगच्या संघमालकांनी प्रत्येकी पाच खेळाडू राखून ठेवण्याचा गुप्त ठराव केला. पुढे या राखीव कलमाची व्याप्ती इतकी वाढली की, कराराची मुदत संपली तरी खेळाडू मालकाच्या हातून सुटत नसे. 1922 साली सर्वोच्च न्यायालयाने या व्यवसायास मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. आपल्या संमतीविना झालेल्या बदलीविरुद्ध न्यायालयात गेलेला कर्ट फ्लड 1972 साली हरला. अखेर डिसेंबर 1975 मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी, मालकास एकच वर्ष करार वाढविता येतो, असा निवाडा दिला आणि खेळाडूच्या मुक्ततेचा मार्ग मोकळा झाला.

यानंतर पाचच वर्षांनी, 1980 मध्ये, डॅनियल ओक्रेंट व त्यांच्या मित्रांनी न्यूयॉर्क येथे ‘रोटिसरी लीग’ सुरू केली. फँटसी बेसबॉलचे आजचे रूप मुख्यतः तिच्यापासून आले. यात सभासद खऱ्या खेळाडूंना लिलावात घेऊन कल्पित संघ उभारतात आणि त्या खेळाडूंच्या प्रत्यक्ष कामगिरीच्या आकड्यांवरून संघांचा क्रम ठरतो. पुढे रूढ झालेल्या नियमानुसार 23 खेळाडूंसाठी 260 डॉलरची मर्यादा असते. खेळाडू दोन हंगाम मूळ किमतीत ठेवता येतो. त्यानंतर त्याला सोडावे, आणखी एक वर्ष त्याच किमतीत ठेवावे, किंवा त्यापुढील प्रत्येक वर्षामागे 5 डॉलर वाढवून दीर्घ करार करावा, असे तीन पर्याय असतात. म्हणजे 10 डॉलरचा खेळाडू आणखी दोन वर्षे हवा असल्यास त्याची किंमत 20 डॉलर होते. आजचा लोभ उद्याच्या संघावर भार टाकतो; व्यवस्थापनाचे सारे कौशल्य या हिशेबात आहे.

या नियमांस प्रत्यक्ष व्यवसायाची प्रतिकृती समजणे मात्र चुकीचे ठरेल. 1994 साली मालकांनी खरी वेतनमर्यादा लादू पाहिली, तेव्हा 12 ऑगस्टपासून खेळाडूंनी संप केला. त्या वर्षीची वर्ल्ड सीरिज रद्द झाली, आणि मर्यादाही अमलात आली नाही. खेळाडूंना ती मर्यादा आपल्या कमाईवरील घाला वाटली. कल्पित संघाचा मालक मात्र तीच मर्यादा आनंदाने पत्करतो, कारण तेथे डॉलर हे वेतन नसून केवळ समान संधीचे माप असते.

तथापि एक गोष्ट विसरता येत नाही. या करारास दुसरा पक्षच नाही. ज्याच्या नावाने बोली लागते, त्याची संमती कोणी विचारीत नाही. फ्लडने ज्या स्थितीविरुद्ध लढा दिला, तीच येथे निरुपद्रवी खेळ होऊन परतली आहे. निरुपद्रवी एवढ्यासाठीच, की खरा खेळाडू आता मुक्त आहे.