मूळ गायक गेला, मग पार्टी बंद करायची का?

मार्च संपत आला की नाशिकच्या वस्त्यावस्त्यांत जयंतीच्या बैठका सुरू होतात. वर्गणी, मिरवणुकीचा मार्ग, पोलीस परवानगी, आणि सगळ्यात शेवटी कार्यक्रम कोणाचा ठेवायचा हा विषय. अशाच एका बैठकीत आम्ही बसलो होतो. एका जुन्या गायन पार्टीचं नाव निघालं आणि वाद पेटला. त्या पार्टीचे मुख्य गायक वारले आहेत. ढोलकीवाले त्यांच्या आधीच गेले. मूळ संचातले दोघंच उरलेत, एक पेटीवाले बाबा आणि एक झील धरणारे मामा. दोघंही सत्तरीच्या पुढचे. बाकीची पोरं नवी आहेत.

एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, “ज्यांच्या आवाजासाठी माणसं यायची तेच राहिले नाहीत. आता ऐकायचं कोणाला? त्या पैशात डीजे येतो.” समोरून एक ज्येष्ठ म्हणाले, “नाव मोठं आहे. फलकावर नाव लावा, गर्दी होईल.”

आम्हाला या दोन्ही बाजू पटल्या नाहीत. एकाने पार्टी म्हणजे एका माणसाचा गळा असं धरलं होतं आणि दुसऱ्याने पार्टी म्हणजे एक खपणारं नाव असं. आंबेडकरी गायनाचा इतिहास या दोन्ही समजुतींच्या विरोधात जातो. तो इतिहास बराचसा आपल्या नाशिक जिल्ह्यातच घडला आहे, म्हणून हे लिहिणं आम्हाला गरजेचं वाटलं.

पाश्चात्त्य रॉक बँडांपुढेही हा प्रश्न वारंवार उभा राहिला आहे. लेड झेपेलिनचा ड्रमवादक जॉन बोनहॅम १९८० साली वारला आणि उरलेल्या तिघांनी बँडच बंद केला. ‘द हू’ने उलट केलं. २००२ साली अमेरिकेचा दौरा सुरू होणार त्याच्या आदल्या दिवशी त्यांचा बासवादक जॉन एंटविसल गेला. काही दिवसांतच दुसरा वादक घेऊन ते मंचावर उभे होते. २०२१ मध्ये चार्ली वॉट्स गेल्यावर रोलिंग स्टोन्सही थांबले नाहीत. आपल्याकडे ‘इंडियन ओशन’ने असीम चक्रवर्ती २००९ मध्ये गेल्यानंतर नवे साथीदार घेऊन वाटचाल चालू ठेवली. यावर चाहत्यांचे दोन तट असतात. मूळ माणसं नाहीत तर हा तोच बँड कसा, असं एक तट म्हणतो. दुसरा म्हणतो, गाणी तीच आहेत ना?

त्यांच्यासाठी हा वाद ठीक आहे. तिथे बँड हीच मालमत्ता असते, तिच्यावर हक्क असतात, करार असतात, गाणं वाजलं की घरी पैसे येतात. आपल्या जलशाची बांधणी मुळात वेगळी होती.

आंबेडकरी जलशाच्या आधी सत्यशोधक जलसा होता. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्या विचाराच्या शाहिरांनी तमाशाचा साचा उचलून त्यातला माल बदलला. बहुजनांना गण-गवळण-वग पाठ होता, त्याच वाटेने भटशाहीवरची टीका आणि शिक्षणाचं महत्त्व गावात पोचलं. १९३० नंतरच्या दशकात आंबेडकरी जलसाकारांनी हाच साचा पुढे नेला. गणात गणपतीला हात जोडायचे तिथे बाबासाहेबांचं आणि चळवळीचं नमन आलं. वगात राजाराणीच्या जागी सावकार, महारकी, मेलेल्या जनावराचं मांस, दारू, पाणवठा आणि देवळाचं बंद दार आलं. ढोलकी, डफ, तुणतुणं, झांज ही वाद्यं तीच राहिली. ज्या वाद्यांवर आपल्या माणसांना पाटलाच्या वाड्यापुढे नाचवलं गेलं, त्याच वाद्यांवर ते पाटलाला प्रश्न विचारू लागले.

या जलशांत सगळ्यात गाजलेलं नाव आपल्या जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांचं. (वामनदादा कर्डक वेगळे. आडनाव एक असल्यामुळे आजही भाषणांत या दोघांची सरमिसळ होते आणि कोणी दुरुस्त करत नाही.) लोक ‘कर्डकांचा जलसा’ म्हणत, पण त्यामागे नाशिक जिल्हा युवक संघाची संघटना होती. हा तपशील किरकोळ वाटेल, आमच्या मते सगळी मेख त्यातच आहे. जलशातली माणसं गिरणीत, गोदीत, रेल्वेत राबणारी होती. पाळी संपली की तालीम, सुट्टी मिळाली की गाव. कोणाची रजा नामंजूर झाली, कोणी आजारी पडला, कोणाची बदली झाली, कोणी वारला, तर त्याची जागा दुसरा घेई. घ्यावीच लागे, कारण सभा ठरलेली असे. एकच गळा नसला की बंद पडेल असा जलसा चळवळीला परवडणाराच नव्हता. जलशाचा एक कार्यक्रम आपल्या दहा सभांच्या बरोबरीचा आहे असं बाबासाहेब म्हणाले होते, ही आठवण जलसाकार पुढे अभिमानाने सांगत. ती बरोबरी अमुक एका गायकाच्या आवाजाशी लावलेली नव्हती. निरक्षर माणसाच्या डोक्यात विचार उतरवण्याचं काम जलसा करत होता, ती दाद त्या कामाला होती.

मग माणसं गेली तरी कायम चालूच ठेवायचं का? इथे आपल्याच शहरातला दुसरा दाखला आठवावा लागतो. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं नेटाने चालवला, माणसांनी लाठ्या-दगड खाल्ले, तुरुंग भोगला. १९३४ च्या मार्चमध्ये, रामनवमी जवळ आली असताना, दादासाहेबांनी पुढे काय करायचं असं विचारलं. बाबासाहेबांनी पत्राने कळवलं की सत्याग्रह नुसता तहकूब नको, कायमचा थांबवा. अस्पृश्य समाजाला आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, त्याच्यात चेतना यावी, यासाठी हा लढा होता. मूर्तीची पूजा करायला मिळावी यासाठी नव्हता. ते काम झालं होतं, आता शक्ती राजकारणाकडे आणि शिक्षणाकडे वळवायची होती. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली.

नीट बघा, इथे माणसं हजर होती. सत्याग्रही थकले नव्हते, नेता हयात होता, रामनवमी तोंडावर होती. तरी थांबवलं. संच पुरा आहे की अपुरा, हा प्रश्न बाबासाहेबांनी विचारलाच नाही. काम शिल्लक आहे का, एवढंच विचारलं. जुन्या गायन पार्टीला आपण दुसरं माप का लावावं?

जलशाचंही हेच झालं. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर तो हळूहळू मागे पडला. जलसाकार म्हातारे झाले हे त्याचं एक कारण. मोठं कारण असं की बौद्ध झालेल्या समाजाला तमाशाचा साचाच नकोसा झाला. कृष्ण आणि गवळणी, बाईचं सोंग घेणारा नाच्या पोरगा, हे सगळं ज्या जुन्या जगातलं होतं ते जग आपण सोडलं होतं. त्याची जागा भीमगीतांनी, गायन पार्ट्यांनी आणि कव्वालीच्या मुकाबल्यांनी घेतली. साचा बदलला, पण काम चालूच राहिलं. भीमराव कर्डकांनी पुढे काय केलं, तर जलशांबद्दल लिहून ठेवलं. ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे त्यांचं पुस्तक १९७८ साली आलं. आज आम्ही विद्यापीठात जलशावर निबंध लिहितो तो या एका पुस्तकाच्या आधारावर. म्हाताऱ्या कलावंताने मंचावर उभं राहायचं की घरी बसायचं, एवढ्या दोनच वाटा आपण धरतो. तिसरी वाट कर्डकांनी दाखवली होती आणि तिच्यावरून फार कमी लोक गेले. किती झीलकरी, किती ढोलकीवाले नाव न उरता गेले याचा हिशेब आपल्याकडे नाही.

आता वामनदादांकडे या. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस १९२२ साली जन्मला आणि १५ मे २००४ रोजी गेला. शाळा नाही, मोठेपणी अक्षरं शिकले, आणि हजारो गाणी लिहिली. गावोगाव फिरत राहिले. साथीला बसणारी माणसं गावागणिक आणि काळागणिक बदलत गेली, त्यामुळे वामनदादांचा ‘मूळ संच’ कोणता हे कोणी सांगू शकणार नाही. वामनदादा गेले, त्याच वर्षी प्रल्हाद शिंदेही गेले. त्या वर्षी अनेकांना वाटलं, आता भीमगीत संपलं. संपलं नाही. शिंद्यांच्या घरात आनंद आणि मिलिंद गातच होते, पुढे आदर्श आला. वामनदादांचं तर घराणंही नाही. त्यांचं गाणं ज्याला येतं तो त्यांचा वारस. गाण्याच्या शेवटच्या ओळीत ते आपलं नाव गुंफत, संतांसारखं, त्यामुळे गाणं जिथे जाईल तिथे नाव जातं. मोठ्या फलकाची गरजच पडत नाही. गरज एवढीच की गाणाऱ्याने शेवटचं कडवं गाळू नये. पुष्कळ जण गाळतात. वेळ नव्हता म्हणतात. कॅसेटच्या काळात तर कवीचं नाव न छापता गाणी विकली गेली आणि ऐकणाऱ्याने गायकालाच कवी समजलं. मेलेल्या माणसाशी बेइमानी होते ती इथे. त्याच्या जागी दुसरा उभा राहिला म्हणून ती होत नाही.

लोकशाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० ला नागपुरात दीक्षाभूमीवर, मंचावरच कोसळले आणि गेले. वय ७९. ‘लढता लढता गेले’ असं आपण कौतुकाने म्हणतो. उमपांसारख्या कलावंताबाबत ते खरं आहे, त्यांना मंच हवा होता. पण सत्तरीतला प्रत्येक झीलकरी हौसेने रात्री दोनपर्यंत उभा असतो, असं समजू नका. त्याला सुपारी हवी असते कारण औषध हवं असतं. रॉक बँडांच्या म्हातारपणाची चर्चा वाचताना आम्हाला सतत हेच खटकतं. तिथे ‘आता शोभून थांबा’ असं म्हणता येतं, कारण थांबलेल्या माणसाच्या चुलीला धक्का लागत नाही. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची ज्येष्ठ कलावंत मानधन योजना आहे, दरमहा ५,००० रुपये. पण त्यासाठी कलेचे पुरावे लागतात, प्रमाणपत्रं, कात्रणं, फोटो. ज्याने चाळीस वर्षं दुसऱ्याच्या मागे उभं राहून झील धरली त्याचा फोटो कोण काढणार? वर्तमानपत्रात नाव आलंच तर मुख्य गायकाचं, ‘आणि सहकारी’ या दोन शब्दांत मामांची सगळी हयात.

आणखी एक प्रकार आहे, तिथे माणसं मरत नाहीत, उचलून नेली जातात. पुण्यातला कबीर कला मंच २००२ सालचा. गुजरातच्या दंगलींनंतर तरुण मुलांनी उभा केला. पुढे त्याच्या कलावंतांवर गंभीर कलमं लागली. शीतल साठे आणि सचिन माळी २०१३ च्या एप्रिलमध्ये विधानभवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले, सागर गोरखे आणि रमेश गायचोर तुरुंगात गेले, २०१७ मध्ये जामीन मिळाला. २०२० च्या सप्टेंबरमध्ये एल्गार परिषद प्रकरणात सागर, रमेश आणि ज्योती जगताप यांना अटक झाली. अशा मंचाला ‘मूळ माणसं नाहीत, बंद करा’ असं सांगणं म्हणजे अटकेचा हेतू आपल्या हाताने पुरा करणं. मंचाची पोरं गात राहिली. शीतल-सचिन यांनी वेगळं व्यासपीठ काढलं आणि त्याला ‘नवयान महाजलसा’ नाव दिलं. मागे पडलेला शब्द पुन्हा मंचावर आला, आणि या वेळी मध्यभागी बाई उभी होती. जुन्या जलशात बाईचं सोंग पुरुष घेत. संच बदलला की काय काय आत येऊ शकतं, ते यातून दिसतं. औरंगाबादच्या कडुबाई खरात एकतारी घेऊन एकट्या गातात, त्यांना तर पार्टीही लागली नाही.

तरुण कार्यकर्त्याच्या बोलण्यात एक खरी गोष्ट मात्र होती आणि ती मान्य केली पाहिजे. पुष्कळ पार्ट्या वीस वर्षांपूर्वीचीच गाणी त्याच क्रमाने गातात. बाबासाहेबांचा कोट, बाबासाहेबांची गाडी, टाळ्या, पुढचं गाणं. कंत्राटी भरती, शिष्यवृत्तीची रखडलेली रक्कम, गावातलं वेगळं स्मशान, यांतलं काही गाण्यात नाही. अशी पार्टी मूळ गायक हयात असतानाच संपलेली असते. तिला डीजेने हरवलं तर तक्रार कशाला करायची?

बैठकीत आम्ही हे सगळं एवढं लांबलचक बोललो नाही, पोरं कंटाळली असती. तासाभराच्या ओढाताणीनंतर ठरलं ते असं: पार्टी बोलवायची. फलकावर हयात कलावंतांची नावं येणार, झीलकरी मामांचंही, सारख्याच अक्षरांत. गेलेल्या दोघांची नावं खाली, स्मृतीला म्हणून. निम्मे पैसे आगाऊ. कार्यक्रम साडेनऊला संपणार, म्हणजे मामांना लवकर घरी जाता येईल. मामांच्या मानधनाचा अर्ज आम्ही भरून देणार, आणि कार्यक्रमाचे फोटो काढताना मागच्या रांगेचेही काढायचे. आमची एकच अट होती, किमान दोन गाणी नवी हवीत, त्यातलं एक कंत्राटी सफाई कामगारांवर. पेटीवाले बाबा म्हणाले, “चाल मी देतो. शब्द तुम्ही आणा.”

शब्द अजून झालेले नाहीत. वस्तीतल्या दोन मुली झील धरायला तयार झाल्या आहेत. तालीम येत्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता विहारात आहे.

जय भीम.