बॅबेज, बाजावाले आणि एक बटण

संगणकाचा इतिहास सांगताना चार्ल्स बॅबेजचं नाव अगदी सुरुवातीला येतं. याच माणसाने लंडनमधल्या आपल्या घरी बसून आणखी एक हिशेब मांडला होता: रस्त्यावरच्या गाण्याबजावण्यामुळे आपलं काम किती वेळा मोडलं? अडीच-तीन महिन्यांत आकडा आला १६५.

तेव्हाचं लंडन सतत वाजत असायचं. ब्रास बँड होते, पण सगळ्यात जास्त वैताग बॅरल ऑर्गनवाल्यांचा. दांडा फिरवला की पेटीतून तीच ती गाणी. वाजवणारे बरेचसे इटलीतून पोटापाण्यासाठी आलेले गरीब लोक. ‘घे बाबा, पण पुढे जा’ म्हणून मिळणारे पैसे हीसुद्धा त्यांची कमाईच.

घरात बसून डोक्याचं काम करणारे हैराण झाले होते. इतिहासकार थॉमस कार्लाइलने १८५३ साली चेल्सीतल्या घराच्या माथ्यावर खास आवाजबंद खोली बांधायला घेतली. भरपूर पैसे ओतूनही ती फसली. १८६४ साली आलेल्या आत्मचरित्रात बॅबेजने लिहिलं, की गेल्या बारा वर्षांत आपली एक चतुर्थांश कार्यशक्ती या त्रासातच गेली. त्याच्या तक्रारी वाढल्या तसे काही लोक मुद्दाम त्याच्या घराजवळ वाद्यं वाजवू लागले. एकदा तर एक बँड जवळपास पाच तास वाजत होता.

त्याच वर्षी मायकेल बास या खासदाराने संसदेत विधेयक आणलं. चार्ल्स डिकन्सने पाठिंब्याचं पत्र लिहिलं. त्यावर कार्लाइल आणि कवी टेनिसन यांच्याही सह्या होत्या. विरोधकांचं म्हणणं होतं, की गरिबांची एवढी एक करमणूक कशाला हिरावता? अखेर कायदा झाला. घरात आजारपण असेल किंवा कामात व्यत्यय येत असेल, तर वादकाला निघून जायला सांगता येऊ लागलं. ऐकलं नाही तर दंड.

बॅबेजची कुरकुर श्रीमंत म्हाताऱ्याची किरकिर होती का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी १९७२ साली ‘अर्बन स्ट्रेस’ या पुस्तकात आपले प्रयोग मांडले. त्यांचा आवाज संगीताचा नव्हता. बोलणी आणि यंत्रं यांचा मिसळलेला गोंगाट होता. तो कधीही अचानक सुरू व्हायचा. लोक त्यातही काम करत राहिले. फरक दिसला तो आवाज थांबल्यावर. मुद्रितशोधनात जास्त चुका राहिल्या, अवघड कोडी लवकर सोडून दिली गेली. काहींना मात्र एक बटण दिलं होतं: अगदीच असह्य झालं तर दाबा. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरीही त्यांच्यावरचा परिणाम बराच कमी होता.

म्हणजे थकवा फक्त आवाजाच्या मोठेपणाचा नसतो. तो थांबवणं आपल्या हातात नाही, हेही माणसाला थकवतं. कानात स्वतः लावलेलं गाणं आणि भिंतीपलीकडून आदळणारं तेच गाणं, यांत फरक पडतो तो इथे.

१८६४ च्या कायद्याने असंच एक बटण दिलं, पण कोणाला? कायद्यातला शब्द होता ‘घरधनी’. कोणाच्या तरी घरात एक खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्याला तो हक्क नव्हता. आज कॉट बेसिसवर राहून परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीच्या खिडकीखाली वरातीचा डीजे येऊन थांबतो. ती इअरफोन घालते, आवाज वाढवते, आणि त्याच पानावर परत पहिल्या ओळीपासून सुरुवात करते.