जायरोप्लेन, अतिहलके : एंजिनाची निवड

जायरोप्लेनचा रोटर एंजिनावर चालत नाही. उड्डाणात तो समोरून येणाऱ्या हवेने फिरतो. एंजिन फक्त पंखा फिरवून रेटा देते. ते बंद पडले तरी रोटर फिरत राहतो आणि यंत्र उतरवता येते. मात्र रोटरचा रोध मोठा असल्याने तेवढ्याच वजनाच्या पंखवाल्या विमानापेक्षा शक्ती जास्त लागते.

इतिहास : हुआन दे ला सिएर्वा यांचे सी-४ जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ उडाले. इगोर बेन्सन यांच्या बी-८एमवर ७२ अश्वशक्तीचे मॅकलॉक टू-स्ट्रोक एंजिन असे. ते मुळात लक्ष्य-ड्रोनसाठी बनवलेले होते. पुढे रोटॅक्सची ५०३ (सुमारे ५० अश्वशक्ती) व ५८२ (६५) ही टू-स्ट्रोक आणि ९१२ यूएलएस (१००) हे फोर-स्ट्रोक रूढ झाले.

रेट्याची रेषा : निवडीत अश्वशक्तीपेक्षा हा मुद्दा महत्त्वाचा. गिअरपेटी असलेले एंजिन मोठा पंखा सावकाश फिरवते, त्यामुळे कमी वेगात रेटा चांगला मिळतो. पण मोठ्या पंख्यासाठी एंजिन वर चढवावे लागते आणि रेट्याची रेषा गुरुत्वमध्याच्या वर जाते. झोताच्या धक्क्याने रोटरवरचा भार क्षणभर उतरला, की हा रेटा नाक खाली दाबतो. रोटर मंदावतो आणि वैमानिकाला सावरायला वेळच उरत नाही. असे अपघात बहुधा प्राणघातक ठरले आहेत. ब्रिटिश निकषांनुसार रेट्याची रेषा व गुरुत्वमध्य यांतील अंतर २ इंचांच्या आत हवे. आडव्या शेपटीने हा दोष कितपत भरून निघतो, याविषयी मतभेद आहेत.

वजन : अमेरिकी अतिहलक्या वर्गाची मर्यादा रिकाम्या वजनाची, ११५ किग्रॅ.; तीत ९१२ बसवणे जवळजवळ अशक्य. ५८२ हलके, पण ३०० तासांनी पूर्ण उघडावे लागते. ९१२ यूएलएस २,००० तासांनी.

हवा व इंधन : ठिकाण समुद्रसपाटीलगत असले तरी ३८° से. तापमानाला तेथील हवा सुमारे २,७०० फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. शक्ती आणि रोटरची उचल दोन्ही घटतात. पावसाळी दमट हवेत थ्रॉटल मिटून उतरताना कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो. भारतातील पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, तर रोटॅक्सच्या ९१२ साठीच्या सूचनांत १० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणाला मान्यता आहे. इथेनॉल पाणी शोषते आणि रबरी नळ्या खराब करते. एव्हगॅस १०० एलएल चालते, पण त्यातील शिशाचे थर साचतात. तेल लवकर बदलावे लागते.

परवाने : नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून.

विद्युत् मोटर : बॅटरीच्या वजनामुळे अद्याप प्रयोगापुरती.