रमाबाईंची विलायतेतली नोकरी



आपल्या नाशिक जिल्ह्यात निफाडपासून सुरगाण्यापर्यंत कुठल्याही बचत गटाच्या बैठकीत बसा, डी.एड. किंवा बी.एड. झालेली एखादी लेक नाहीतर सून असलेलं घर सापडतंच. कायम जागा निघत नाही. विनाअनुदानित शाळेत महिन्याच्या शेवटी हातात काय पडतं ते तुम्हाला मी काय सांगावं! मग एखादीला दुबईच्या शाळेचं बोलावणं येतं, एखादीला मालदीवचं. पहिले दोन दिवस घरात पेढे, तिसऱ्या दिवसापासून धाकधूक. लहान लेकराचं काय? पैसे कुणी भरायचे? तिकडे काही झालं तर विचारायचं कुणाला?

हे प्रश्न नवे नाहीत. एकशे चाळीस वर्षांपूर्वी एक मराठी बाई दोन वर्षांची मुलगी कडेवर घेऊन शिकायला आणि शिकवायला बोटीनं इंग्लंडला गेली. पंडिता रमाबाई. त्यांची विद्वत्ता आणि त्यांचा धर्मबदल यांवर पुष्कळ बोललं जातं. त्या परदेशात नोकरी करणाऱ्या शिक्षिका होत्या, याकडे मात्र कुणी फारसं बघत नाही. आज तेवढंच बघू.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून गावाचा रोष पत्करला, आणि बायकोनं ते लेकीला शिकवलं. आईबाप दारिद्र्यात, उपासमारीत गेले. भाऊ-बहीण पुराण सांगत, पायी देशभर हिंडले. कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. मग भाऊ गेला. रमाबाईंनी बंगाली वकील बिपिनबिहारी यांच्याशी जातीबाहेर लग्न केलं, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं तेही गेले. पदरात मनोरमा, वर्षाचीही नव्हती. त्याच साली त्या पुण्याला आल्या आणि आर्य महिला समाज सुरू केला.

पुण्यात त्या वर्षी सरकारचं शिक्षण कमिशन आलं होतं, हंटर साहेबांचं. रमाबाईंनी त्यापुढे मराठीत साक्ष दिली. मुलींना शिकवायला बाईच हवी, तिला नीट प्रशिक्षण हवं, तपासायला बाई इन्स्पेक्टर हवी. आणि शिक्षिकांना आता मिळतो त्याहून जास्त पगार हवा. हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा. दुसऱ्या बायांच्या पगारासाठी कमिशनपुढे भांडणारी ही बाई पुढच्याच वर्षी बिनपगारी शिकवायला निघाली.

ते असं झालं. रमाबाईंना इंग्रजी पक्कं करायचं होतं, जमलं तर डॉक्टर व्हायचं होतं. पुण्यात मिस हर्फर्ड नावाच्या मिशनरी बाई त्यांना इंग्रजी शिकवत. न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाईही त्याच बाईंकडे शिकत. या रमाबाईंचा आपल्या गावाशी संबंध आहे बरं का. रानड्यांची बदली नाशिकला झाली होती तेव्हा पहिल्यांदा सभेत उभं राहून बोलण्याचा धीर त्यांनी इथंच केला. तर मिशनच्या ओळखीतून सोय लागली. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ वाँटेज गावी ख्रिस्ती जोगिणींचा मठ होता. त्या मठातल्या ज्या सिस्टर पुण्याला कामाला यायच्या होत्या त्यांना रमाबाईंनी मराठी शिकवायचं, आणि मठानं रमाबाईंना आणि मुलीला ठेवून घ्यायचं. बोटीच्या भाड्यासाठी रमाबाईंनी कुणापुढे हात पसरला नाही. ‘स्त्रीधर्मनीति’ हे त्यांचं पुस्तक नुकतंच निघालं होतं, त्याच्या विक्रीचे पैसे होते. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या मुंबईहून निघाल्या. सोबत मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत.

आता हा करार तुम्ही गटाच्या हिशेबाच्या वहीत मांडून बघा. एका बाजूला दोन माणसांचं खाणं, राहणं. दुसऱ्या बाजूला संस्कृतच्या पंडितेनं रोज शिकवलेलं मराठी. देणं-घेणं दोन्हीकडून होतं. पण पगार म्हणून एक आकडा कुठं लिहिलेला नव्हता. त्यामुळे झालं असं की रमाबाईंचं शिकवणं कुणी मोजलं नाही आणि त्यांना घातलेलं जेवण मात्र मोजलं गेलं. पुढे त्यांनी एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं की ती कृतघ्नता ठरायची. माझ्या मते त्यांच्या विलायतेतल्या बहुतेक दुःखांचं मूळ इथं आहे.

पहिलं दुःख तर फार मोठं होतं. काही महिन्यांतच आनंदीबाईंनी वाँटेजलाच विष घेऊन जीव दिला. परका मुलूख, परकी भाषा आणि आपल्याला बळजबरीनं बाटवतील ही भीती मनात बसलेली. असं सांगतात. रमाबाई एकट्या पडल्या. त्याच सप्टेंबरात त्यांनी आणि मनोरमानं बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात त्यांच्या नावानं गदारोळ उठला. धर्म बदलला तरी मठाच्या सगळ्या चालीरीती मात्र त्यांनी उचलल्या नाहीत. मांस खाल्लं नाही. त्यांची जबाबदारी सिस्टर जेराल्डीन यांच्याकडे होती. खाण्यापिण्याच्या या सोवळ्याबद्दल सिस्टरांनी कानउघाडणी केली, हा जुना जातीचा ताठा आहे असं म्हटलं. रमाबाईंनी ऐकून घेतलं आणि ताटात हवं तेच वाढून घेतलं.

तोवर दुसरी अडचण उभी राहिली. त्यांना ऐकू कमी येई, ते वाढत गेलं. डॉक्टरीचं शिक्षण सुटलं. मग १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात गेल्या. मुलींची मोठी नावाजलेली शाळा, मुख्याध्यापिका डोरोथिया बील. तिथं रमाबाई संस्कृत शिकवायच्या आणि स्वतः इंग्रजी, गणित, विज्ञान शिकायच्या. अर्धी मास्तरीण, अर्धी विद्यार्थिनी. बीलबाईंशी त्यांचं जमलं, कारण प्रश्न विचारला की बीलबाई उत्तर द्यायच्या, गप्प बस म्हणायच्या नाहीत.

पण तिथंही कुणाला शिकवायचं हे ठरवणारे दुसरेच निघाले. १८८५ मध्ये रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असा विषय निघाला. मुंबईचे बिशप आणि लाहोरचे बिशप, दोघांनी हरकत घेतली. हिंदुस्थानातल्या लोकांना हे रुचणार नाही, बाईंचं नाव खराब होईल! हे ऐकून रमाबाईंना हसावं की रडावं कळलं नसेल. ज्या हिंदुस्थानाचं नाव पुढे करत होते त्याच हिंदुस्थानात, कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत, भरल्या सभांत पुरुषांपुढे त्या बोलल्या होत्या. त्यांनी बीलबाईंना सडेतोड लिहिलं. मला माझी अक्कल आहे, काय योग्य ते मी ठरवीन, अशा आशयाचं. पाहुणी म्हणून आलेली बाई असं लिहिते याचा सिस्टर जेराल्डीन यांना धक्का बसला. दोघींची पत्रं आज छापील मिळतात, अ. भि. शहा यांनी संपादित केलेली, १९७७ ची. वाचताना वाटतं, सिस्टर काही दुष्ट नव्हत्या. मनोरमेवर त्यांचा जीव होता, पोर त्यांना ‘आजीबाई’ म्हणायची. पण जेवू घातलं की हुकूमही चालवायचा, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं होतं की त्यात काही चुकतंय असं त्यांना वाटलंच नाही.

मनोरमेवरूनच सर्वांत जास्त ओढाताण झाली. आई चेल्टनहॅमला, लेक बराचसा काळ वाँटेजला. तिनं काय शिकावं, कसं वाढावं यावर पत्रांमागून पत्रं. रमाबाईंचं म्हणणं एकच होतं, मुलगी माझी आहे, आणि तिला परत आपल्या देशातल्या बायांमध्ये जायचं आहे, इंग्रज करून ठेवू नका.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं डॉक्टर आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाचं, ११ मार्च, फिलाडेल्फियात. तिथं त्यांनी बालवाडीची पद्धत शिकून घेतली, गावोगाव भाषणं दिली आणि १८८७ मध्ये उच्च जातींतल्या हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून विकलं. आता पैसा स्वतःच्या घामाचा होता. मग ज्यांना मदत करायची होती त्यांच्याशी त्यांनी आधी अटी ठरवल्या. त्या वर्षाच्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं. विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसा देण्याचं त्यांनी लेखी कबूल केलं, आणि शाळेत धर्माचं शिक्षण द्यायचं नाही हेही ठरलं. त्या धर्माच्या अटीवरून पुढे पुण्यात मोठं वादळ झालं, तो वेगळा विषय. पण वाँटेजला गेलेली रमाबाई आणि बोस्टनमध्ये कागदावर बोलणारी रमाबाई यांत किती फरक पडला बघा, चार वर्षांत.

आपल्या नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींचं उदाहरणही याच काळातलं. डेक्कन कॉलेजात पहिल्या आल्या, पण विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती बाई म्हणून नाकारली गेली. त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवण्याची नोकरी धरली, मग हितचिंतकांनी पैसे जमवले आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला पोचल्या. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातात पडायला १९२२ उजाडलं, कारण ऑक्सफर्ड १९२० पर्यंत बायांना पदवीच देत नव्हतं. पहिल्यापासून कागद पक्का असता तरी तीस वर्षं थांबणं काही चुकलं नसतं, हेही खरं.

आता आपल्या लेकींकडे येऊ.

परदेशी जाणाऱ्या प्रत्येकीच्या हातातला पासपोर्ट छापला जातो तो आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये. तो उघडून बघा, ही भारत सरकारची मालमत्ता आहे असं त्यावर छापलेलं असतं. म्हणजे शाळेच्या मालकानं तो कपाटात ठेवून घेण्याचा प्रश्नच येत नाही. बहुतेक आखाती देशांतही ते कायद्यानं मना आहे. मूळ सर्टिफिकेटांचं तसंच. दाखवायची, प्रत द्यायची, मूळ आपल्याजवळ.

दहावी पास माणसाला काही देशांत कामाला जाताना सरकारची वेगळी परवानगी लागत नाही. कमी शिकलेल्या मजुराला लागते, आणि त्याचा करार सरकारी कचेरीत निदान एकदा तरी बघितला जातो. आपली बी.एड. झालेली लेक त्या चाळणीतून सुटते. याचा अभिमान वाटतो खरा, पण त्यामुळेच तिचा कागद घरानंच तपासायचा असतो. एजंट असेल तर तो सरकारकडे नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. नोंदलेल्या एजंटाला सेवेचे तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाहीत. कुणी दोन लाख मागितले आणि तुम्ही गटाचं कर्ज काढून दिले, तर लेक पहिल्या दिवसापासून कर्ज फेडायला शिकवेल आणि पटलं नाही तरी परत येऊ शकणार नाही. आधी पर्यटनाच्या व्हिसावर या, नंतर बदलून देऊ, असं म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

पदवीच्या कागदांवर शिक्के लागतात. आधी राज्य सरकारचा, मग दिल्लीच्या परराष्ट्र खात्याचा. काही देशांना अपोस्टिल नावाचा एकच शिक्का पुरतो, काहींना त्यांच्या वकिलातीचाही लागतो. यात आठवडे जातात, म्हणून जाहिरात बघण्याआधीच सुरुवात केलेली बरी. लग्नानंतरचं नाव, माहेरचं नाव आणि सर्टिफिकेटावरचं नाव जुळत नसेल तर आधी तेच मार्गी लावा. बायांची अर्धी रखडपट्टी या नावापायी होते.

आणि मग तो करार. पगाराचा आकडा कुठल्या चलनात आहे, त्यातून घरभाडं कापलं जाणार की शाळा घर देणार, घर दिलं तर एकटीला की चौघींत, रजेचं आणि परतीचं तिकीट कुणाचं, आजारपणाचा विमा आहे का, मध्येच नोकरी सोडली तर काय भरावं लागेल. लेकरू सोबत नेणार असाल तर त्याचा व्हिसा आणि शाळेची फी यांचं काय, हे तोंडी आश्वासनावर सोडू नका. ‘तुम्ही आमच्या घरच्यासारख्या’ असं म्हणणारी शाळा असली तर आणखी दोनदा वाचा. वाँटेजचे लोकही चांगलेच होते. करार अरबीत असेल तर त्याचं भाषांतर मागून घ्या, कारण आखाती देशांत वाद झाला तर बहुतेक ठिकाणी अरबी मजकूरच धरतात.

ज्यांच्या घरी असं नेमणूकपत्र आलंय त्यांनी येत्या बैठकीला ते घेऊन या. हप्ते गोळा झाले की लेकीला मध्ये बसवा आणि एकेक कलम तिच्याच तोंडून मराठीत सांगायला लावा. जिथं ती अडखळेल तिथं पेन्सिलीनं खूण करा, आणि सही करण्याआधी त्या खुणांची उत्तरं शाळेकडून लेखी मागवा.