दोन पट्ट्यांचा धाविक

अणदूर-नळदुर्ग परिसरातील किंवा सोलापूरकडच्या माळरानावर नांगरलेल्या रानातून तुरुतुरु पळणारा, मध्येच थबकणारा आणि वाकून किडा टिपणारा एक पक्षी दिसतो. हा धाविक. तांबूस डोके, डोळ्यावर पांढरी भुवई आणि तिच्याखाली काळी रेघ, विटकरी छाती, पोटावर काळसर डाग आणि फिकट, उंच पाय ही त्याची ओळख. उघड्या माळावर तो दिवसा वावरतो, त्यामुळे शाळेतल्या मुलांनाही ओळखता येतो.

याचाच एक नातलग मात्र झुडपी जंगलाच्या जमिनीवर राहतो. तो आहे जेर्डनचा धाविक. केवळ रूपावरून पक्षी ओळखू गेल्यास काय साधते आणि काय निसटते, हे त्याच्या इतिहासातून चांगले समजते.

टी. सी. जेर्डन हे मद्रासच्या सैन्यातील शल्यवैद्य होते. त्यांना हा पक्षी पूर्व घाटात मिळाला. १८४८ मध्ये एडवर्ड ब्लिथ यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याच्या जातीला ‘बायटॉर्क्वेटस’, म्हणजे ‘दोन गळपट्टे असलेला’, असे नाव दिले. हे नाव अगदी नेमके आहे. या पक्ष्याच्या छातीवर दोन आडवे गडद पट्टे असतात, गळ्यावर तांबूस ठिपका असतो आणि डोळ्यावर रुंद फिकट भुवई असते. माळावरच्या धाविकाच्या छातीवर असे पट्टे नसतात. पक्षी हातात असेल, तर दोघांत गल्लत होण्याचे कारण नाही.

पुढे भूशास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. ब्लॅन्फर्ड यांनी गोदावरीच्या खोऱ्यात, सिरोंचा आणि भद्राचलमच्या परिसरात हा पक्षी नोंदवला. सिरोंचा आज आपल्या गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९०० मध्ये अनंतपूरजवळ त्याची नोंद झाली आणि त्यानंतर तो जणू नाहीसाच झाला. १९७० च्या दशकातील शोधमोहिमांनाही यश आले नाही. अनेकांनी तो नष्ट झाला असे मानले.

असे का व्हावे? वर्णन तर बिनचूक होते! पण ते रंग-रूपाचे वर्णन होते. संग्रहालयातल्या कातड्यावरून पट्टे मोजता येतात, पण तो पक्षी दिवसा हिंडतो की रात्री, हे कळत नाही. त्याचे मोठे डोळे याची थोडी सूचना देतात, पण ती सूचना वाचणारे कोणी हवे.

ती माहिती स्थानिक लोकांजवळ होती. मुंबईच्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चे भारत भूषण यांनी कडप्पा भागात गावकऱ्यांना आणि पक्षी पकडणाऱ्यांना पक्ष्याचे चित्र दाखवून चौकशी केली. लोक त्याला ‘कलिवि कोडि’ म्हणत. तेलुगूत ‘कलिवि’ म्हणजे करवंद आणि ‘कोडि’ म्हणजे कोंबडी. शास्त्रीय नावात पक्ष्याचे रूप होते, तर लोकांच्या नावात त्याचा पत्ता होता! तो रात्री बाहेर पडतो, हेही चौकशीतून पुढे आले. जानेवारी १९८६ मध्ये ऐतन्ना या स्थानिक माणसाने रात्री विजेरीच्या उजेडात असा एक पक्षी पकडला. छातीवर दोन पट्टे होते. शहाऐंशी वर्षांनी ओळख पटली. दुर्दैवाने तो पक्षी जगला नाही.

या शोधामुळे त्या भागात लंकमल्लेश्वर अभयारण्य झाले आणि १९८८ मध्ये या पक्ष्याचे टपाल तिकीटही निघाले. पुढच्या संशोधकांनी पक्षी दिसण्याची वाट पाहत बसण्याऐवजी झुडपांमधील वाटांवर बारीक मातीचे पट्टे पसरले आणि सकाळी त्यांवरचे ठसे तपासले. धाविकांना मागचे बोट नसते, त्यामुळे ठशात पुढची तीनच बोटे उमटतात. याच्या जोडीला स्वयंचलित कॅमेरे आणि आवाजाचे ध्वनिमुद्रणही वापरले गेले.

अंड्याची कथा तर त्याहून बोलकी आहे. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहात १९१७ मध्ये कोलारच्या भागातून गोळा केलेले एक अंडे होते. अंड्यावर दोन पट्टे कोठून असणार? अंड्यातील डीएनए संग्रहालयातील कातड्यांच्या डीएनएशी ताडून पाहिला, तेव्हा ते याच पक्ष्याचे ठरले. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

आज हा पक्षी अतिसंकटग्रस्त आहे. झुडपी जंगलाला ‘पडीक जमीन’ समजून ते तोडणे, हेच त्याचे मोठे संकट आहे.

शिक्षकांना आम्ही एक सुचवू. मुलांना माळावर न्या आणि धाविक, टिटवी व करवानक यांच्यासाठी वहीत चार रकाने आखायला सांगा : रूप, जागा, वेळ, आवाज. पाचवा रकाना ठेवा गावात त्या पक्ष्याला काय म्हणतात याचा. तो भरण्यासाठी मुलांना मेंढपाळांकडे आणि आजी-आजोबांकडे जावे लागेल. कडप्प्यात हरवलेल्या पक्ष्याचा माग अशाच माणसांकडून लागला होता.