चित्रांचे शेत आणि त्याचा मुकादम

आषाढात मलकापूरहून आंबा घाटाकडे निघाले, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची रोपलावण चाललेली दिसते. खाचरे लहान, प्रत्येकाला स्वतंत्र बांध. एका खाचरातली लावण दुसऱ्यासाठी खोळंबत नाही; हात जितके अधिक, तितके काम लवकर उरकते. मात्र चिखलणीआधी लावण नाही, आणि तरवा काढून आणल्याखेरीज लावणारीच्या हाताला काम नाही. तेव्हा कोणी कोठे जायचे हे सांगणारे माणूस बांधावर लागतेच, जसा ऊसतोडणीच्या टोळीला मुकादम लागतो.

संगणकावर चित्रपट करणाऱ्यांनी आपल्या यंत्रसमूहाला 'रेंडर फार्म', म्हणजे शेत, असे नाव दिले ते मलकापूर पाहून नव्हे. पण नाव चपखल आहे. या शेताचा, आणि विशेषतः त्याच्या मुकादमाचा इतिहास आम्हाला येथे सांगायचा आहे.

चित्रपट म्हणजे स्थिर चित्रांची मालिका, हे शिक्षकांना सांगायला नको. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेऊन टिपली होती. संगणकाच्या चित्रपटात रोप, माती, ऊन, कॅमेऱ्याची जागा हे सारे आकड्यांत मांडलेले असते. त्या आकड्यांवरून पडद्याच्या प्रत्येक बिंदूवर कोणता रंग पडेल याचे गणित करून एक चित्र उमटवायचे, याला रेंडरिंग म्हणतात. सेकंदाला अशी २४ चित्रे लागतात.

१९९५ मधील 'टॉय स्टोरी' हा सर्वस्वी संगणकावर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्यात १,१४,२४० चित्रे होती आणि त्यांना सुमारे ८ लाख यंत्र-तास लागले. म्हणजे सरासरीने एका चित्राला ७ तास. हे काम एकाच यंत्राला दिले असते, तर ते ९१ वर्षे चालले असते. पिक्सार कंपनीने त्यासाठी सन कंपनीची ११७ यंत्रे जोडली. ८ लाखांना ११७ ने भागून पुढचे गणित मुलांनीच करावे. साडेनऊ महिन्यांच्या आसपास उत्तर येते.

पण सन कंपनीची यंत्रे महाग होती. स्वस्त वाट दुसरीकडून निघाली. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स प्रणालीचा आरंभ केला. १९९४ मध्ये नासाच्या गॉडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी साध्या ४८६ जातीच्या १६ संगणकांना लिनक्सवर एकत्र कामाला लावले. या समूहाचे नाव 'बेवुल्फ'. तीनच वर्षांनी 'टायटॅनिक'ची (१९९७) दृश्ये रचताना डिजिटल डोमेन या संस्थेने १६० अल्फा संगणक घेतले आणि त्यांपैकी १०५ लिनक्सवर चालवले. कारणे व्यवहारी होती. लिनक्सला यंत्रागणिक परवान्याचे पैसे पडत नाहीत, पडदा व कळफलक नसलेले यंत्रही दुरून सांभाळता येते, आणि काही बिघडले तर मूळ आज्ञावली उघडून दुरुस्त करता येते.

महाराष्ट्रात अनेक यंत्रे जोडण्याची विद्या पुण्यात रुजली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला, तो ट्रान्सप्युटर नावाच्या खास प्रक्रियकांवर. पुढे २००७ मध्ये टाटांच्या पुण्यातील कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा 'एका' हा महासंगणक जगात चौथा आला. त्यात चौदा हजारांहून अधिक प्रक्रियक-गाभे होते, बाजारात मिळणारे सर्व्हर होते आणि प्रणाली लिनक्सच होती. नोव्हेंबर २०१७ च्या यादीपर्यंत तर जगातले पहिले ५०० महासंगणक सगळेच लिनक्सवर आले.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. हवामानाच्या गणितात शेजारच्या चौकोनातला वारा आपल्या चौकोनात येतो, म्हणून यंत्रांना क्षणोक्षणी एकमेकांशी बोलावे लागते. त्यासाठी 'एका'सारख्या यंत्रात अतिवेगवान जोडण्या असतात. चित्रांचे तसे नाही. सातशेव्या चित्राला सहाशेनव्व्याण्णवाव्याची गरज नसते. म्हणूनच साध्या तारांनी जोडलेल्या, जुन्या, विजोड यंत्रांचेही शेत होऊ शकते. अडचण निराळीच असते, आणि ती आम्ही आमच्या खर्चाने शिकलो.

काही वर्षांपूर्वी मलकापूर परिसरातील एका शाळेत आम्ही मुलांबरोबर दीड मिनिटाचा चित्रपट केला. विषय होता, आंब्याला पाऊस जास्त आणि मलकापूरला त्याहून कमी, असे का. २१६० चित्रे, सरासरीने एकास ६ मिनिटे, एकूण २१६ तास. शाळेत आठ जुने संगणक. प्रत्येकास ओळीने २७० चित्रे वाटून दिली. २७ तासांत काम होणार, अशा हिशेबाने शनिवारी दुपारी बारा वाजता यंत्रे सुरू करून आम्ही कुलूप लावले. सोमवारी प्रदर्शन होते.

हिशेब सरासरीने फसवला. पहिल्या १६२० चित्रांत नुसती जमीन व आकाश, त्यांना प्रत्येकी दोनच मिनिटे पुरली. शेवटच्या ५४० चित्रांत घाटावर चढणारे ढग होते, त्यांना अठरा अठरा मिनिटे. सहा यंत्रे रात्री नऊला मोकळी झाली आणि रिकामी बसली. उरलेल्या दोघांपुढे ८१ तासांचे काम! त्यात रविवारी पहाटे चारला वीज गेली. ती आली, यंत्रेही सुरू झाली, पण काम पुन्हा सुरू करणारे कोणी नव्हते. सोमवारी पाहतो तर पाऊस समजावणाऱ्या चित्रपटात ढग येताच अंधार. मुलांनी प्रदर्शनात कागदी तक्ता लावला. त्यांचे चेहरे आमच्या लक्षात राहिले आहेत.

मोठ्या संस्थांना हे फार आधी उमगले होते. नासाच्या एम्स केंद्रात १९९० च्या दशकात 'पीबीएस' ही कामांची रांग सांभाळणारी आज्ञावली लिहिली गेली. चित्रपटसंस्थांनी आपापले मुकादम घरीच घडवले. त्यांपैकी सोनी पिक्चर्स इमेजवर्क्सचा मुकादम २०१९ मध्ये गुगलच्या साह्याने 'ओपनक्यू' या नावाने सर्वांसाठी खुला झाला. त्याची रचना शाळेतल्या मुलालाही समजते. एका यंत्रावर कामांची यादी असते. प्रत्येक यंत्रावर एक छोटी आज्ञावली यंत्राबरोबर आपोआप जागी होते आणि 'मी आहे, मी मोकळा आहे' असे कळवत राहते. मोकळ्याला यादीतले पुढचे चित्र मिळते. निरोप थांबला तर ते यंत्र बंद पडले असे मानून त्याचे चित्र पुन्हा यादीत जाते. ढगांचा थर आणि डोंगराचा थर तयार झाल्याशिवाय दोन्ही जोडण्याचे काम कोणाला द्यायचे नाही, हेही यादीत नोंदवता येते. चिखलणीआधी लावण नाही, तसेच.

पुढच्या वर्षी त्याच आठ यंत्रांवर आम्ही अशीच एक लहान यादी चालवली. एक पथ्यही पाळले: चित्र आधी तात्पुरत्या नावाने लिहायचे आणि पूर्ण झाल्यावरच खरे नाव द्यायचे. नाहीतर वीज जाताना अर्धे राहिलेले चित्र पूर्ण झाल्यासारखे दिसते आणि कोणी ते पुन्हा करत नाही. त्या रात्रीही वीज गेली. आठ चित्रे परत यादीत आली आणि यंत्रे पुन्हा कामाला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सारे पूर्ण झाले. राहिले फक्त १७०३ क्रमांकाचे चित्र. ते तीन वेगवेगळ्या यंत्रांवर फसले होते, म्हणून मुकादमाने माणसासाठी बाजूला ठेवले होते. नववीतल्या एका मुलीने नोंदवही उघडून पाहिली: एका ढगाचा आकार शून्य लिहिला गेला होता आणि गणितात शून्याने भागायची वेळ आली होती. तिने आकडा बदलला, आणि अठरा मिनिटांनी ते चित्र आले.