दुनळी रायफल आणि वऱ्हाडचं ऊन

आज एका विचित्र प्रश्नापासून सुरुवात करूया. लंडनमध्ये अचूक जुळवलेली रायफल वाशिमच्या मे महिन्यात नेम का चुकवेल?

आजचा वाशिम जिल्हा १९९८ चा, पण इंग्रजांच्या वऱ्हाडात ‘बासिम’ जिल्हा होताच. १९०५ मध्ये त्याचा बहुतेक भाग अकोल्यात विलीन झाला. नेमका हाच काळ दुनळी रायफलच्या भरभराटीचा. १८९८ मध्ये लंडनच्या रिग्बीने कॉर्डाइट दारूवर चालणारी ०.४५० इंच व्यासाची रायफल आणली आणि मोठ्या शिकारीचं गणितच बदललं.

आता गंमत बघा. दुनळीच्या नळ्या समांतर दिसतात, पण नसतात. तोंडाकडे त्या किंचित जवळ येतात. उजवी नळी उडाली की धक्का मध्यरेषेच्या उजवीकडून बसतो आणि गोळी बाहेर पडायच्या आतच रायफल वर आणि उजवीकडे वळायला लागते. डावीचं उलट. हे वळणं हिशेबात धरून कारागीर तोंडाशी पाचर बसवतो, झाळतो, दोन्ही नळ्या झाडून बघतो. जमलं नाही तर डाख तापवून पाचर सरकवायची आणि पुन्हा झाडायचं. दोन्ही गोळ्या शेजारी-शेजारी पडेपर्यंत हेच.

म्हणजे ही जुळवणी एकाच प्रकारच्या काडतुसापुरती खरी! गोळी जास्त वेगाने निघाली तर रायफल पुरती वळलेली नसते. उजवीची गोळी डावीकडे जाते, डावीची उजवीकडे. वेग कमी पडला तर दोन्ही बाहेर फाकतात. कॉर्डाइट तापलं की दाब वाढतो, वेगही वाढतो. आणि वऱ्हाडात मे महिन्यात पारा सहज ४२ च्या वर. म्हणूनच कंपन्या उष्ण देशांसाठी थोडी कमी दारू भरलेली वेगळी काडतुसं काढायच्या.

हा नुसता तांत्रिक किस्सा नाही. हाक्यात गावची माणसं डबे वाजवत पायी रान उठवायची, शिकारी मचाणावर. दुसरी नळी म्हणजे शेवटची संधी. तीही चुकली, तर जखमी वाघासमोर उभा कोण? मचाणावरचा नक्कीच नाही.

त्यात राजकारणही आलं. मार्टिनी-हेन्री या लष्करी बंदुकीचा व्यासही ०.४५०. ही काडतुसं बंडखोरांच्या हाती पडतील या भीतीने १९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात हा व्यास बंद केला. मग बंदूकवाल्यांनी ०.४६५, ०.४७० असे नवे व्यास पुढे आणले.

१९६० च्या दशकात किनॉक कंपनीने ही मोठी काडतुसं बनवणं थांबवलं. नव्या दारूवर जुन्या रायफली जुळेनात. परदेशात मग दोन उपाय झाले: दारूचं वजन बदलत जुना वेग गाठायचा, नाहीतर डाख उकलून नळ्या नव्याने जुळवायच्या. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच मिटला. आज कारंजा-सोहोळला काळवीट बघायला आपण दुर्बीण घेऊन जातो, आणि ते उत्तमच आहे.

म्हणून माझं मत सांगतो. संग्रहालयातली दुनळी कुणी ‘दुरुस्त’ करू नये. त्या पाचरेच्या जागेत तेव्हाची दारू, तेव्हाचा वेग नोंदलेला आहे. डाख एकदा वितळला, की ती नोंद कायमची पुसली जाते.